लोगो फुकटात तयार झाला, पण तो तुमचा आहे का?

घरगुती मसाले, फराळ, टिफिन, केक, साड्या. इन्स्टाग्राम उघडलं की अशा छोट्या व्यवसायांची पानं एकामागून एक समोर येतात. त्यातल्या दहा-वीस जणांचे लोगो शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही बाजूंनी वर चढणारी पानांची गोल वेल, मध्ये तिरप्या इंग्रजी अक्षरात नाव, खाली बारीक अक्षरात ‘होममेड विथ लव्ह’. केकवालीकडे शेफची टोपी, मसालेवाल्याकडे लाल मिरची, बुटीकवर बाईच्या चेहऱ्याची एका रेषेतली आकृती. नावं वेगळी, चित्र मात्र तेच.

यात चोरी कुणीच केलेली नसते. सगळ्यांनी एकाच ॲपमधलं एकच टेम्प्लेट उघडलेलं असतं, नाव बदललेलं असतं आणि ‘डाउनलोड’ दाबलेलं असतं. पंधरा मिनिटांचं काम, खर्च शून्य. व्यवसाय गल्लीपुरता असतो तोवर कुणाचं काही बिघडत नाही. अडचण येते ती धंदा वाढल्यावर. पाउच छापायला जातात, दुकानावर पाटी लागते, ऑनलाइन विक्रीची साइट ट्रेडमार्कचा नंबर मागते किंवा शेजारच्या तालुक्यात कुणीतरी अगदी तसाच डबा विकायला लागतो. तेव्हा प्रश्न पडतो, हा लोगो आपला आहे म्हणजे नेमकं काय?

साधनं फुकट कशी झाली?

फार जुनी गोष्ट नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात लोगो हवा असेल तर डीटीपीवाल्याकडे किंवा प्रेसमध्ये जावं लागायचं. तिथे ‘कोरल’ असायचं. कोरलड्रॉ हे कॅनडातल्या कंपनीचं सॉफ्टवेअर १९८९ मध्ये आलं आणि आपल्याकडच्या छपाईच्या धंद्यात असं रुजलं की आजही फ्लेक्सवाला फाइल मागताना ‘सीडीआर आहे का?’ असंच विचारतो. लग्नपत्रिका करणारा माणूसच त्याच दुपारी एखाद्या डेअरीचा लोगोही करून द्यायचा. तो बिलातच धरलेला असायचा, वेगळे पैसे नाहीत.

२०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनव्हा सुरू झालं आणि हे काम ब्राउझरमध्ये, नंतर थेट मोबाइलवर आलं. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीमध्ये चित्रं काढायची नवी सोय आली. सोशल मीडियावर घिबली स्टाइलच्या फोटोंचा पूर आला तो तेव्हाच. त्याच सोयीने लोक लोगोही मागायला लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनव्हाने आपल्या ताब्यातलं ‘ॲफिनिटी’ हे व्यावसायिक दर्जाचं डिझाइन सॉफ्टवेअर मोफत करून टाकलं. इंकस्केप आणि गिंप तर कित्येक वर्षांपासून मोफत आहेतच.

म्हणजे साधनाचा प्रश्न मिटला. साध्या साधनाने चांगला लोगो होत नाही, ही समजूतही खरी नाही. गूगलचा सुरुवातीचा लोगो १९९८ मध्ये सर्गे ब्रिन यांनी स्वतः गिंपमध्ये बनवला होता. नाइकीची जगप्रसिद्ध ‘बरोबरची खूण’ १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने काढली, मोबदला ३५ डॉलर. त्यामुळे महाग सॉफ्टवेअर नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. अडतं ते दुसरीकडे, आणि तिकडे लोगो करताना बहुतेकांचं लक्ष जात नाही.

टेम्प्लेटचा लोगो कुणाच्या मालकीचा?

समजा, सांगलीत एक बाई घरी मसाला बनवून विकतात. त्यांनी कॅनव्हात एक लोगो टेम्प्लेट उघडलं, मिरचीचा रंग बदलला, नाव टाकलं. हा लोगो त्यांना वापरता येतो का? येतो. पाकिटावर, पाटीवर, पोस्टवर, सगळीकडे. पण दुसऱ्या कुणाला तो वापरण्यापासून अडवता येतं का? इथे उत्तर बदलतं.

कॅनव्हाच्या अटी याबाबत स्पष्ट आहेत. लोगो टेम्प्लेट आणि त्यातली तयार चित्रं वापरायचा परवाना सगळ्यांना सारखाच मिळतो, कुणा एकाला एकट्याला नाही. त्यामुळे ती वापरून केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला कंपनीची परवानगी नाही. अपवाद फक्त साधे आकार, रेषा आणि अक्षरं यांचा. गोल, चौकोन, रेघ आणि फॉन्ट एवढ्यावर तुम्ही स्वतः रचना केली असेल तर ती ट्रेडमार्कसाठी चालते. पैसे भरून प्रो व्हर्जन घेतलं तरी ही अट बदलत नाही. अनेकांचा गैरसमज असतो तो इथेच.

मग असा लोगो ट्रेडमार्कसाठी दिलाच तर? अर्जात ‘लोगो कोणत्या ॲपमध्ये केला?’ असा रकाना नसतो, त्यामुळे अर्ज जाईलही. पण रजिस्ट्रीतला परीक्षक आधी नोंदलेल्या आणि अर्जात असलेल्या चिन्हांशी त्याची तुलना करतो. मिरची आणि वेल घेऊन आधी कुणी तिथे पोहोचलं असेल तर आक्षेप येतो. नशिबाने नोंदणी झालीच, तरी उद्या दुसऱ्याला नोटीस पाठवल्यावर तो सरळ ते टेम्प्लेट उघडून दाखवेल. जे चित्र लाखो लोकांना खुलं आहे, ते बघून ग्राहक फक्त सांगलीच्या त्या बाईंना ओळखतो, हे पटवून देणं कठीण.

ट्रेडमार्क कायदा, १९९९ ची मूळ अपेक्षाच ती आहे. एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखता यावा, हे चिन्हाचं काम. चिन्ह सुंदर असावं, असं कायदा कुठेही म्हणत नाही.

डिझायनरला पैसे दिले म्हणजे विषय संपला?

टेम्प्लेट नको, तर ओळखीच्या मुलाकडून दोन-तीन हजारांत करून घेऊ, असा विचार बरेच जण करतात. चांगलाच विचार आहे. पण इथे कायद्याची एक बाजू अशी आहे की ती ऐकून व्यावसायिक चक्रावतात.

लोगो हे ‘कलाकृती’ या प्रकारात मोडतं आणि त्याला १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू होतो. या कायद्याच्या कलम १७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक तो काढणारा कलाकार असतो. पैसे देऊन करून घेतलेल्या फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट, कोरीवकाम आणि चित्रपट यांना वेगळा नियम आहे, तिथे पैसे देणारा मालक ठरतो. त्या यादीत लोगोचा उल्लेख नाही. डिझायनर तुमच्याकडे पगारावर नोकरीला असेल आणि काम नोकरीचा भाग म्हणून केलं असेल, तर मालक तुम्ही. पण बाहेरच्या फ्रीलान्सरकडून करून घेतलं आणि लिहून काहीच घेतलं नाही, तर चित्राचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहिला, असा दावा तो करू शकतो.

यावर उपाय साधा आहे. कॉपीराइट हस्तांतर लेखी लागतं, त्यावर देणाऱ्याची सही लागते. एका पानाचा कागद पुरतो. मात्र त्यात दोन गोष्टी विसरू नयेत. कलम १९ म्हणतं, हस्तांतर किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर ते पाच वर्षांसाठी धरलं जाईल. कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरतं धरलं जाईल. लोणचं उद्या दुबईला पाठवायचं मनात असेल तर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द आजच कागदावर यायला हवेत. त्याच बैठकीत मूळ फाइलही मागून घ्यावी. ‘फाइल माझ्याकडे आहे, लागेल तेव्हा सांगा’ हे वाक्य मैत्रीत ठीक असतं. तोच मुलगा दोन वर्षांनी शहर बदलतो आणि त्याचा लॅपटॉप फॉरमॅट होतो, तेव्हा पाकिटावरून स्कॅन करून लोगो पुन्हा काढायची वेळ येते.

आणि एआयने काढला असेल तर?

भारताच्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद १९९४ च्या दुरुस्तीपासून आहे. कॉम्प्युटरने तयार केलेल्या कलाकृतीचा ‘कर्ता’ म्हणजे ती तयार करवून घेणारी व्यक्ती. वाचायला सोपं वाटतं. पण ही ओळ लिहिली गेली तेव्हा ‘मिरचीचा लोगो काढून दे’ म्हटल्यावर चित्र काढणारं यंत्र कुणाच्या डोळ्यासमोर नव्हतं. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२५ मध्ये भूमिका घेतली की निव्वळ सूचना लिहून मिळालेल्या चित्राला मानवी कर्तृत्वाचं संरक्षण मिळणार नाही.

व्यवहारातली अडचण याहून साधी आहे. चॅटजीपीटीची कंपनी आपल्या अटींत चित्राचे हक्क वापरणाऱ्याला देते, पण तसंच चित्र दुसऱ्यालाही मिळू शकतं, हेही तिथेच सांगते. सूचना सारखी असेल तर उत्तरही मिळतंजुळतं येणार. शिवाय देवनागरी अक्षरं काढताना ही साधनं अजून अडखळतात. जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलत्याच जागी जाते. एआयचा खरा उपयोग कच्च्या कल्पना बघायला होतो. दहा नमुने काढून घ्यावेत, त्यातला विचार उचलावा आणि अंतिम रेषा स्वतःच्या हाताने ओढावी.

छोट्याने मोठ्याला हरवलं, ती गोष्ट

दोन लोगो सारखे निघणं हा फक्त गरिबांच्या टेम्प्लेटचा रोग आहे, असं समजायचं कारण नाही. अमेरिकेतल्या एनबीसी या बलाढ्य टीव्ही कंपनीने जानेवारी १९७६ मध्ये नवा लोगो आणला. लाल आणि निळ्या पट्ट्यांनी बनलेलं ‘एन’ हे अक्षर. त्यावर लाखो डॉलर खर्च झाल्याची चर्चा होती. पण नेब्रास्का राज्यातल्या एका शैक्षणिक टीव्ही नेटवर्ककडे जवळजवळ तसाच ‘एन’ आधीपासून होता, आणि तो त्यांच्याच माणसाने अगदी किरकोळ खर्चात केलेला होता. नेब्रास्कावाले कोर्टात गेले. तडजोड झाली तेव्हा एनबीसीने त्यांना आठ लाख डॉलरहून जास्त किमतीची प्रसारणाची उपकरणं दिली आणि नवा लोगो करायला ५५ हजार डॉलर वेगळे मोजले.

टोकियो ऑलिंपिकचंही तसंच झालं. बेल्जियममधल्या एका नाट्यगृहाच्या लोगोशी साम्य असल्याच्या वादानंतर सप्टेंबर २०१५ मध्ये आयोजकांना पहिला लोगो मागे घ्यावा लागला. तिथे तर नामांकित डिझायनर होते.

नेब्रास्काची बाजू भक्कम होती, कारण त्यांचं चिन्ह आधीपासून वापरात होतं. भारतीय कायद्यातही या ‘आधी’ला मोठी किंमत आहे. नोंदणी नसली तरी तुम्ही एखादं चिन्ह आधीपासून सातत्याने वापरत असाल तर नंतर नोंदणी करणारा तुमचा वापर सहजासहजी बंद करू शकत नाही. कुणी तुमच्या चिन्हाची नक्कल करून ग्राहकाला फसवत असेल तर नोंदणीशिवायही दाद मागता येते. पण वापर आधीचा होता हे सिद्ध करावं लागतं. त्यामुळे लोगो असलेलं पहिलं बिल, पाकीट छापल्याची पावती, प्रदर्शनातल्या स्टॉलचा फोटो, इन्स्टाग्रामवरची तारीख असलेली पहिली पोस्ट जपून ठेवावी. अनेक जण नवा लोगो आला की जुन्या पोस्ट उडवतात, कारण त्या ‘बऱ्या दिसत नाहीत’. पुरावा असा हातानेच पुसला जातो.

महाराष्ट्रात प्रश्न आणखी वेगळा, कारण पाटी मराठीत हवी

राज्याच्या दुकानं आणि आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको, असंही ठरलं. व्यापाऱ्यांची बाजू सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. २५ सप्टेंबर २०२३ ला कोर्टाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. ती संपल्यावर मुंबईत महापालिकेने तपासणी सुरू केली.

त्या काळात घाईघाईने लागलेल्या पाट्या आजही बघायला मिळतात. वरती देखणा इंग्रजी लोगो, आणि खाली किंवा बाजूला कुठल्यातरी फॉन्टमध्ये चिकटवलेलं मराठी नाव. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. लोगो मुळात इंग्रजीत विचार करून झालेला आणि मराठी नंतर, नाइलाजाने आलेली. टेम्प्लेटचा दोष इथे सगळ्यात ठळक दिसतो, कारण बहुतेक टेम्प्लेट रोमन अक्षरांच्या मापाने बनलेली असतात. तिथे देवनागरी टाकली की शिरोरेषा चौकटीला घासते, खालचे उकार कापले जातात, ‘र्’चा रफार वेलीत अडकतो.

खरं तर देवनागरी अक्षर हाच इथल्या व्यावसायिकाचा मोठा ठेवा आहे. मराठी नाटकांच्या जाहिराती आठवा. कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांची नावं लोक अक्षरांच्या वळणावरून ओळखायचे, चित्राची गरजच पडायची नाही. प्रत्येकाला शेडगे होता येणार नाही, हे मान्य. पण मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्त’, ‘बालू’, ‘मोदक’ यांसारखे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. त्यांचा परवाना व्यावसायिक वापराला खुला आहे, लोगोसाठीही. हे तपासणं महत्त्वाचं, कारण इंटरनेटवर ‘फ्री फॉन्ट’ म्हणून मिळणारे कित्येक फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत असतात. धंद्यासाठी त्यांचे पैसे लागतात.

मराठी वळणाचाही विचार करावा. अनेक फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. राज्य सरकारने वर्णमालेच्या २०२२ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ स्वीकारले आहेत. दुकानाच्या नावात ‘लक्ष्मी’ किंवा ‘शिंदे’ असेल तर हा फरक मराठी डोळ्याला लगेच जाणवतो. का जाणवतो, ते ग्राहकाला कदाचित सांगता येणार नाही.

फाइल प्रेसला देताना एक जुनी डोकेदुखी अजून शिल्लक आहे. तुमच्या कॉम्प्युटरवर असलेला मराठी फॉन्ट प्रेसवाल्याकडे नसेल तर तिथे नाव भलतंच उमटतं, किंवा नुसते चौकोन येतात. त्यासाठी प्रेसवाले सांगतात, ‘कर्व्ह करून पाठवा’. म्हणजे अक्षरांचं रूपांतर आकारात करायचं, मग फॉन्टची गरज राहत नाही. कोरलमध्ये त्यासाठी कंट्रोल आणि क्यू दाबायचं, इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’. पण कर्व्ह केल्यावर अक्षर दुरुस्त करता येत नाही, म्हणून आधीची फाइल वेगळी जपावी. आणि कर्व्ह करण्याआधी शुद्धलेखन एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावं. ‘गृहउद्योग’ चुकीचा छापलेली पाच हजार पाकिटं संपेपर्यंत वापरणारे कमी नाहीत.

ही चित्रं लोगोत नकोतच

मराठी व्यावसायिकाला सगळ्यात आधी सुचतं ते महाराजांचं चित्र. भावना समजण्यासारखी आहे. पण १९५० च्या चिन्हं आणि नावांच्या गैरवापराला बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचं नाव आणि चित्र आहे. व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये ते केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. अशोकस्तंभाच्या राजमुद्रेसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे.

दुसरी नेहमीची चूक दवाखाने आणि औषधांच्या दुकानांची. पांढऱ्यावर लाल अधिकचं चिन्ह हे ‘दवाखान्याचं चिन्ह’ नाही, ते रेडक्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे. युद्धकाळात वैद्यकीय पथकांना ओळखता यावं म्हणून जिनिव्हा करारांनी ते ठरवलं. भारतात १९६० च्या कायद्याने त्याच्या परस्पर वापराला मनाई आहे. टेम्प्लेटमध्ये ‘हेल्थ’ टाइप केलं की पहिल्या काही नमुन्यांत ते सर्रास दिसतं. ॲप इशारा देत नाही.

देवादिकांच्या नावांचं गणित थोडं वेगळं. ती वापरायला मनाई नाही, पण त्यावर एकट्याची मालकी मिळणं अवघड. ‘रामायण’ या नावाने अगरबत्ती विकणाऱ्यांच्या वादात सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये म्हटलं की अशा धर्मग्रंथाच्या नावावर कुणा एकाला ट्रेडमार्कची मक्तेदारी देता येणार नाही. मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दांचंही तेच. ‘शुद्ध’, ‘ताजा’, ‘घरगुती’ हे शब्द सगळ्यांचे.

मग घरच्या कॉम्प्युटरवर काय करता येईल?

वरचं सगळं वाचून उलट निष्कर्ष निघतो. नवख्याला जमणारा साधा लोगो, म्हणजे स्वतःचं वेगळं नाव, चांगली देवनागरी अक्षरं आणि एखादा स्वतः काढलेला सोपा आकार, हा देखण्या टेम्प्लेटपेक्षा कायद्याच्या आणि छपाईच्या दृष्टीने जास्त पक्का असतो.

सुरुवात काळ्या रंगाने करावी. यामागे कायद्याचंही कारण आहे. रंगाची मर्यादा न घालता नोंदवलेलं चिन्ह सगळ्या रंगांसाठी नोंदलं गेलं असं कायदा मानतो. म्हणजे काळ्या-पांढऱ्यात अर्ज केला की उद्या पाकीट लाल असो वा हिरवं, संरक्षण तेच. आणि काळ्या रंगात जे ओळखू येत नाही ते रबरी शिक्क्यावरही येणार नाही. एक सोपी परीक्षा आहे. लोगो दीड सेंटिमीटर रुंदीचा करून साध्या प्रिंटरवर छापावा, त्याची झेरॉक्स काढावी आणि त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स काढावी. नाव वाचता आलं तर लोगो पास. वेलीची पानं आणि ‘होममेड विथ लव्ह’ यात बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत बाद होतात.

पेंटमध्ये किंवा मोबाइलच्या फोटो ॲपमध्ये केलेलं चित्र ठिपक्यांचं असतं. मोबाइलवर छान दिसतं, दहा फुटी फ्लेक्सवर कडा फाटतात. इंकस्केप, ॲफिनिटी, कोरल यांत रेषा गणिताने साठवल्या जातात, त्यामुळे शिक्क्यापासून होर्डिंगपर्यंत एकच फाइल पुरते. अशी एसव्हीजी किंवा पीडीएफ फाइल जवळ हवीच. कॅनव्हात एसव्हीजी पैसे भरल्यावरच मिळते, पण प्रिंटसाठीची पीडीएफ मोफत उतरवता येते. स्क्रीनवरचे झगमगीत निळे-हिरवे रंग छपाईत मळकट येतात, कारण प्रेसची शाई चार रंगांच्या मिश्रणावर चालते. म्हणून पाच हजारांची ऑर्डर देण्याआधी एक नमुना छापून बघावा. आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. फोटो म्हणून पाठवली की ती दाबून लहान केली जाते, मग दोष प्रेसवाल्याला दिला जातो.

लोगो नक्की करण्याआधी दोन ठिकाणी शोध घ्यावा. गूगल लेन्सवर चित्र टाकलं की तसंच दुसरं कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं. दुसरं ठिकाण ट्रेडमार्क रजिस्ट्रीची वेबसाइट. तिथे नाव, उच्चार आणि चित्राचा प्रकार यावरून मोफत शोध घेता येतो. उच्चारावरून शोधणं विसरू नये. ‘स्वाद’ आणि ‘स्वाध’ लिहायला वेगळे असले तरी आक्षेप यायला तेवढं साम्य पुरतं.

अर्ज ऑनलाइन भरता येतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन फी ४,५०० रुपये आहे, इतरांसाठी ९,०००. ही फी एका वर्गाची. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले तिसाव्या वर्गात आणि लोणची एकोणतिसाव्या, त्यामुळे दोन्ही विकणाऱ्या सांगलीच्या बाईंना ४,५०० नाही, ९,००० लागतील. पैसे एकदाच भरायचे असतील तर अनेकदा चित्रापेक्षा नुसत्या नावाचा, म्हणजे शब्दचिन्हाचा अर्ज आधी करणं फायद्याचं ठरतं. लोगो पाच वर्षांनी बदलेल, नाव सहसा बदलत नाही. नाव मात्र वेगळं हवं, ‘शुद्ध मसाले’सारखं नको.

अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लिहिता येतं. खरं तर ते अर्जाआधीही लिहिता येतं. पण गोलातला ‘आर’ फक्त नोंदणी पूर्ण झाल्यावर. नोंदणी नसताना तो छापणं कायद्याने चुकीचं आहे आणि त्यासाठी कारवाईची तरतूद आहे. टेम्प्लेटमध्ये शोभेला म्हणून तो ‘आर’ आधीच असेल तर काढून टाकावा.

नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण. ती मिळाली की हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो, त्यामुळे ‘धंदा मोठा झाल्यावर बघू’ म्हणत थांबलेल्याची जागा मधल्या काळात दुसरा घेऊ शकतो. परीक्षकाने मान्य केलेला प्रत्येक अर्ज ट्रेड मार्क्स जर्नलमध्ये छापला जातो. हे जर्नल दर आठवड्याला रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर येतं आणि कुणालाही फुकट वाचता येतं. त्यात तुमच्यासारखंच नाव किंवा चित्र दिसलं तर विरोध नोंदवायला प्रसिद्धीपासून चार महिने असतात.